खर्जाचें वाद्य आणि दुखरी पाठ

नाशिकच्या एका वाचक भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. पत्र चार पानांचें आहे, परंतु त्यांतला प्रश्न चार ओळींचा आहे. त्यांचे ज्येष्ठ चिरंजीव बेचाळीस वर्षांचे, बँकेंत अधिकारी. कॉलेजांत असल्यापासून ते बेस गिटार वाजवितात, आणि महिन्यांतून एक-दोन वेळां स्नेह्यांच्या वाद्यवृंदांत तीन-तीन तास उभें राहून वाजविण्याचा त्यांचा परिपाठ आहे; होता, असें म्हटलें पाहिजे. कारण दोन वर्षांपासून त्यांची पाठ व कंबर दुखते, आणि गेल्या दिवाळीपासून वाद्य भिंतीला टेकून उभें आहे. डॉक्टरांनीं तपासून गंभीर असें कांहीं नाहीं, असा निर्वाळा दिला आहे. आतां घरांत तीन मतें झालीं आहेत. आजोबांचें मत, हा नाद सोडावा. या वयांत गळ्यांत लोढणें कशाला? सूनबाईंचें मत, हलकें वाद्य घ्यावें. चिरंजीवांचें मत असें कीं, हलक्या वाद्याला आवाजच नसतो. तेव्हां तें घेण्यापेक्षां न वाजविलेलें बरें. मातोश्री लिहितात कीं, मुलगा संध्याकाळीं कामावरून आल्यावर मुकाट्यानें बसून राहतो तें मला पाहवत नाहीं, आणि घरांत तर या विषयांतलें कोणालाच कांहीं कळत नाहीं. आपला पुतण्या हें वाद्य वाजवितो म्हणून आपणांस विचारतें.

एरवीं मीं हें उत्तर टाळलें असतें. संस्कृत शिकविण्यांत ज्याची हयात गेली त्यानें विजेच्या वाद्याविषयीं बोलावें, हें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु पुतण्याची पाठहि अशीच दुखत असे, आणि त्याच्यासाठीं वाद्य शोधण्याच्या निमित्तानें वर्षभर पुण्यामुंबईच्या दुकानांतून हिंडतांना जें पाहिलें, तोललें व वाचलें, तें इतरांच्याहि उपयोगीं पडेल असें वाटतें. शिवाय हें दुखणें कांहीं एका घरचें नव्हे. २०२० सालीं जगांत कंबरदुखीनें पीडलेलीं माणसें सुमारें ६१ कोटी ९० लक्ष होतीं, असा आंकडा जागतिक आरोग्य संघटनेनें दिला आहे. त्यांत वाद्य वाजविणारे थोडे. खुर्चीवर बसणारे फार.

प्रथम आजोबांसाठीं चार शब्द. गिटार म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें स्नेहसंमेलनांत दिसणारी सहा तारांची वस्तु येते. बेस गिटार ती नव्हे. हिला बहुधा चारच तारा. त्यांतली सर्वांत जाड तार अडीच मिलिमीटरांहून जाड, आणि ती सेकंदाला सुमारें ४१ वेळां कंप पावते. साध्या गिटारीच्या एक सप्तक खालीं हिचा स्वर. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर हें मंद्र सप्तकाचें, खर्जाचें वाद्य होय. तंबोऱ्याची खर्जाची तार जुळली नाहीं तर गवयाचें सारें गाणें जसें अधांतरीं राहतें, तसेंच या वाद्यावांचून त्यांच्या वाद्यवृंदाचें होतें. ऐकणाराचें लक्ष त्याकडे जात नाहीं. तें थांबलें म्हणजे मात्र कांहीं तरी गेलें, हें लहान मुलालाहि कळतें. राहुलदेव बर्मन यांच्या चित्रपटगीतांतून टोनी वाझ यांनीं वाजविलेला खर्ज आपण सर्वांनीं ऐकला आहे; त्यांचें नांव मात्र फारच थोड्यांना ठाऊक असेल. सांगावयाचें इतकेंच कीं, हा नाद म्हणजे पोरखेळ नव्हे. वीस वर्षें ज्याच्या बोटांनीं हा पाया धरून ठेवला, त्याला तो सोड म्हणून सांगणें हें आजोबांना त्यांची पहांटेची पूजा सोडा म्हणून सांगण्यासारखेंच आहे.

हें वाद्य गळ्यांत कसें आलें तें पाहिलें म्हणजे पाठीच्या दुखण्याचें मूळ सांपडतें. पूर्वीं पाश्चात्त्य वाद्यवृंदांत खर्जाचें काम डबल बास नांवाचें वाद्य करी, आणि आजहि करतें. तें माणसाहून उंच, व्हायोलिनच्या गोत्रांतलें, उभें धरून वाजवावयाचें. अवजड खरें, पण त्याचा भार जमिनीवर. वादक त्याला नुसता सांवरून धरतो. तें इकडून तिकडे नेणें हीच काय ती शिक्षा. अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं, लिओ फेंडर नांवाचे रेडिओ दुरुस्त करणारे एक कल्पक गृहस्थ होते. त्यांना स्वतःला गिटार वाजवितां येत नसे, हें विशेष. त्यांनीं १९५१ सालीं 'प्रिसिजन बेस' नांवाचें वाद्य बाजारांत आणलें: भरीव लांकडाचें धड, त्याला लांब दांडी, दांडीवर सतारीसारखे पडदे, आणि गळ्यांत अडकविण्यास पट्टा. पडद्यांमुळें स्वर अचूक लागूं लागला. विजेमुळें आवाज हवा तेवढा वाढवितां येऊं लागला. वाद्य मोटारींत मावूं लागलें. सगळी सोय झाली. फक्त जो भार जमीन वाहत होती, तो माणसाच्या डाव्या खांद्यावर आला.

तो भार किती? साधारण चांगल्या बेस गिटारीचें वजन साडेतीन ते साडेचार किलो असतें. जुन्या, विशेषतः १९७० नंतरच्या दशकांतल्या, कांहीं वाद्यांचें वजन पांच किलोंच्याहि घरांत जातें. साडेतीन किलोंच्या आंत आलें तर वादक मंडळी त्याला हलकें म्हणतात. तीन किलोंच्या आंत आलें तर फारच हलकें. आजोबा म्हणतील, चार किलो म्हणजे काय मोठेंसें. आम्ही दळणाचा डबा याहून जड आणीत होतों! खरें आहे. पण दळणाचा डबा गिरणीपासून घरापर्यंतचा सोबती. शिवाय वाटेंत हात बदलतां येतो. तोच डबा एका खांद्याला टांगून, दोन्ही हात चालते ठेवून आणि मान डावीकडे वळवून तीन तास उभें राहावें लागलें असतें, तर दळण आणावयास घरांतून कोणी बाहेर पडलें नसतें.

छंदःशास्त्रांत गुरु अक्षराच्या दोन मात्रा, लघूची एक, असा सरळ हिशेब असतो. वाद्याच्या बाबतींत तसा नसतो. कांट्यावर लघु ठरलेलें वाद्य खांद्यावर गुरु होऊं शकतें. नाशिकच्या घरांत चाललेल्या वादांत ही एक गोष्ट कोणाच्याच ध्यानांत आलेली दिसत नाहीं, म्हणून ती जरा विस्तारानें सांगतों.

कावड घेऊन चालणारा माणूस पाहा. दोन्ही हंडे भरलेले असतांना तो झपझप चालतो. एक हंडा रिकामा केला तर ओझें निम्में होतें, पण चालणें दुप्पट अवघड होतें. बेस गिटारीचें असेंच आहे. एका अंगास धड, दुसऱ्या अंगास हातभर लांब दांडी, आणि दांडीच्या अगदीं शेंड्याला धातूच्या चार भरीव खुंट्या. पट्टा दोन ठिकाणीं अडकविलेला असतो. एक गुंडी धडाच्या बुडाशीं. दुसरी बहुधा धडाच्या वरच्या शिंगाच्या टोकाशीं. हें शिंग बाराव्या पडद्याच्या आसपास पोंचत असलें तर वाद्य तोलांत राहतें. तोकडें असलें तर दांडी खालीं झुकूं पाहते. मग वादकाच्या डाव्या हाताला स्वर दाबण्याबरोबर दांडी उचलून धरण्याचेंहि काम लागतें. डावा खांदा वर चढतो, कणा एका बाजूला कलतो, आणि दोन तासांनीं दुखतें कोठें, तर कमरेंत. आतां अशा वाद्याचें धड हलकें केलें आणि दांडी व खुंट्या पूर्वींच्याच ठेवल्या तर काय होईल? कांट्यावर अर्धा किलो वांचेल आणि दांडी पूर्वींपेक्षां अधिकच झुकेल. केवळ वजन पाहून घेतलेलें वाद्य पुष्कळदां परत विकण्याची पाळी येते, ती यामुळें. आषाढींत दिंडीबरोबर गळ्यांत पखवाज अडकवून कोसच्या कोस चालणारे वारकरी आपण पाहतों. पखवाज कांहीं हलका नसतो; पण तो पोटाशीं आडवा असतो, आणि त्याचीं दोन्ही अंगें जवळजवळ सारखीं भारतात.

म्हणून चिरंजीवांनीं प्रथम आपल्या जुन्याच वाद्याची परीक्षा करावी. पट्टा गळ्यांत घालून सरळ उभें राहावें, दांडी नेहमींच्या जागीं आणावी आणि दोन्ही हात सोडावे. डावा हात मात्र जवळ असूं द्यावा. दांडी जागच्या जागीं राहिली, किंवा किंचित् वरच उचललेली राहिली, तर तोल ठीक आहे. जमिनीकडे जाऊं लागली तर दुखण्याचें एक कारण सांपडलें. याला उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत. हल्लीं हलक्या धातूच्या खुंट्या मिळतात. जुन्या भरीव खुंट्यांहून त्या बऱ्याच कमी भरतात. चारींचा फरक मिळून पाव किलोहि नसेल, पण तो फरक लांब दांडीच्या टोकाला पडत असल्यामुळें तराजूच्या लांब भुजेवरच्या वजनाप्रमाणें पुष्कळ काम करतो. आंतून खरखरीत चामड्याचा पट्टा लावला तर तो खांद्यावरून घसरत नाहीं, आणि झुकणारी दांडी कांहीं अंशीं थोपवून धरतो. कांहीं लोक तोल साधण्यासाठीं धडाच्या बुडाशीं शिसें बांधतात. ज्याची पाठ दुखते त्यानें हा द्राविडी प्राणायाम करूं नये.

वाद्य नवेंच घ्यावयाचें ठरलें तर कांटा बरोबर न्यावा. मी पुतण्याबरोबर दुकानांत जातांना प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा आंकड्याचा कांटा पिशवींत घालून नेत असें. एका दुकानांत एकाच कारखान्याचीं, एकाच नांवाचीं आणि एकाच रंगाचीं दोन वाद्यें शेजारीं शेजारीं टांगलेलीं होतीं. एक भरलें ३ किलो ७०० ग्रॅम, दुसरें ४ किलो ३०० ग्रॅम. किंमत एकच. दुकानांतला पोरगा पाहतच राहिला; त्यानें तीं कधीं तोललीं नव्हतीं. लांकूड कांहीं सांच्यांत ओतलेलें नसतें. एकाच झाडाच्या बुंध्याचें व शेंड्याचें लांकूड सारखें भरत नाहीं. म्हणून सूचिपत्रांत छापलेलें वजन हें फार तर सरासरी समजावें, आणि घरबसल्या मागवावयाचें असेल तर त्या विशिष्ट नगाचें वजन लेखी विचारून घ्यावें. आंकड्याचा कांटा नसला तर घरच्या वजनकांट्यावर आधीं एकट्यानें व मग वाद्यासह उभें राहून वजाबाकी करावी. पहिलीच्या मुलालाहि ती येईल.

वाद्य हलकें करण्याचे मार्ग कारागिरांनीं निरनिराळे काढले आहेत. पहिला लांकडाचा. अमेरिकेच्या दक्षिण भागांतल्या पाणथळ जमिनींत वाढणाऱ्या अ‍ॅश वृक्षाच्या बुडाकडील लांकूड हलकें असून आवाजालाहि उत्तम, म्हणून त्याची मोठी ख्याति होती. पण पूर आणि त्या वृक्षाला पोखरणारा एक हिरवा किडा, यांमुळें तें लांकूड दुर्मिळ होत गेलें. फेंडर कंपनीनें २०२० सालीं आपल्या बहुतेक वाद्यांत अ‍ॅश वापरणें थांबवीत असल्याचें जाहीर केलें. हल्लीं हलक्या वाद्यांसाठीं पॉलोनिया नांवाचें लांकूड पुष्कळ वापरतात. नांव नवें वाटलें तरी वस्तु जुनी आहे. जपानी लोकांचें कोटो नांवाचें तंतुवाद्य याच लांकडाचें करतात. तें मऊ असल्यामुळें त्याला खोंचा लवकर पडतो, आणि पट्ट्याच्या गुंडीचा स्क्रू त्यांत ढिला होण्याचा संभव असतो, एवढें ध्यानांत ठेवावें. मेपल व तत्सम जड लांकडाचें धड दुखऱ्या पाठीनें घेऊं नये, मग तें कितीहि देखणें असो.

दुसरा मार्ग पोकळ धडाचा. आपल्याकडे मिरजेच्या कारागिरांना हें सांगावयास नको; तंबोऱ्याच्या भोपळ्याएवढा मोठा आकार भरीव लांकडाचा केला असता तर तो उचलावयास दोन माणसें लागलीं असतीं. जर्मनींतील हॉफ्नर कारखान्यानें १९५६ च्या सुमारास व्हायोलिनच्या आकाराची एक पोकळ बेस गिटार काढली. तिचें वजन अडीच किलोंच्या आंत. ती १९६१ सालीं हँबुर्ग शहरीं एका इंग्रज तरुणानें विकत घेतली; एक तर ती स्वस्त होती, आणि दुसरें म्हणजे दोन्ही अंगें सारखीं असल्यामुळें त्याच्यासारख्या डावखुऱ्याच्या हातीं ती विचित्र दिसत नसे. हा तरुण म्हणजे बीटल्स मंडळांतला पॉल मॅकार्टनी. तें पहिलें वाद्य १९७२ सालीं चोरीला गेलें आणि अर्ध्या शतकानंतर सांपडून मालकाकडे परत आल्याचें २०२४ सालीं जाहीर झालें, ही गोष्ट वर्तमानपत्रांतून आपण वाचली असेल. मध्यंतरीं कित्येक वर्षें त्यांनीं रिकनबॅकर नांवाचें भरीव वाद्य वापरलें. पण पुढें ते पुन्हां हॉफ्नरकडे वळले, आणि वयाचीं ऐंशी वर्षें उलटल्यावरहि तें गळ्यांत घालून त्यांनीं मोठमोठे जलसे केले. या वयांत लोढणें कशाला, असें विचारणाऱ्या आजोबांना हें अवश्य वाचून दाखवावें. पोकळ वाद्याचा एक दोष आहे. आवाज फार मोठा केला तर तें स्वतःच घूं घूं करूं लागतें. ज्यांचा वाद्यवृंद कानठळ्या बसविणारा असेल त्यांनीं पूर्ण पोकळ न घेतां, भरीव धडाला आंतून कप्पे कोरलेलें वाद्य पाहावें.

तिसरा मार्ग लांबीचा. फेंडर यांनीं ठरविलेली तारेची लांबी ३४ इंच. आखूड जातींत ती ३० इंचांच्या आसपास असते. वर सांगितलेलें हॉफ्नर याच जातीचें, आणि खुद्द फेंडर कंपनीनेंहि १९६६ सालीं 'मस्टँग' नांवानें असें वाद्य काढलें. चार इंच ही काय बाब, असें वाटेल. पण पहिल्या पडद्यापर्यंत डावा हात पोंचविण्यासाठीं खांदा जो दर वेळीं बाहेर ताणावा लागतो, तो ताण येथें कमी होतो. शिवाय तीच तार त्याच स्वरांत आखूड केली तर तिचा ओढा लांबीच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो. चौतीसचें तीस केलें कीं सुमारें बावीस टक्के ओढा कमी. बोटांना जोर कमी लागतो, आणि बोटांचा जोर कमी झाला म्हणजे खांद्याचाहि होतो. पडदे एकमेकांजवळ आल्यामुळें पहिले आठ-पंधरा दिवस बोटें चुकतात. मग संवय होते.

चौथा मार्ग मला स्वतःला फार आवडला, कारण त्यांत विचार आहे. नेड स्टाइनबर्गर हे अमेरिकन गृहस्थ मूळचे खुर्च्या-टेबलांची रचना करणारे. माणसाचें शरीर वस्तूला कोठें कसें टेकतें, हा त्यांच्या धंद्याचाच विषय. त्यांनीं १९८० च्या सुमारास दांडीचें डोकेंच काढून टाकलें. तारा शेंड्याला नुसत्या अडकवावयाच्या आणि स्वर जुळविण्याच्या खुंट्या खालीं घोडीपाशीं बसवावयाच्या. टोकाचें वजनच गेल्यावर दांडी झुकणार कशी? वाद्यहि त्यांनीं लांकडाचें न करतां कार्बनच्या तंतूंचें केलें, आणि धड एखाद्या लहानशा पेटीएवढें ठेवलें. पाहणारांनीं त्या बिनडोक्याच्या वाद्याची यथेच्छ थट्टा केली. आतां मात्र आयबानेझसारखे मोठे कारखाने लांकडी धडाचीं अशीं वाद्यें सर्रास करतात. दुखऱ्या पाठीसाठीं हलकेपणा आणि तोल हीं दोन्ही एकाच ठिकाणीं बहुधा याच जातींत मिळतात. घेण्यापूर्वीं तारांची चौकशी करावी. कांहीं वाद्यांना दोन्ही टोकांना गोळी असलेल्या खास तारा लागतात, आणि त्या आपल्याकडे प्रत्येक दुकानांत मिळत नाहींत.

आतां चिरंजीवांच्या हरकतीकडे येतों. हलक्या वाद्याला आवाज नसतो, ही समजूत वादकांत फार पसरलेली आहे. तिच्यांत थोडें तथ्य आहे. आखूड तारेचा खर्ज जरा गोल, जरा मऊ लागतो. पोकळ धडाचा स्वर लवकर विरतो. पण हा फरक आहे, उणीव नव्हे. या वाद्याचा आवाज मुख्यतः तार, तिच्याखालचे पिकअप आणि वाजविणाराचीं बोटें यांतून येतो. नंतर तो अ‍ॅम्प्लिफायरमधून जातो, आणि अखेर ढोलकी-ड्रमच्या गर्दींत श्रोत्यांना ऐकूं येतो. पुतण्यानें मला डोळे मिटावयास सांगून साडेचार किलोंचें जुनें आणि सव्वातीन किलोंचें आखूड, अशीं दोन्ही वाद्यें आळीपाळीनें वाजवून दाखविलीं. फरक मला कळला. कोणतें जड हें मात्र ओळखतां आलें नाहीं. माझा कान कांहीं तज्ज्ञाचा नव्हे, पण त्याच्या वाद्यवृंदांतल्या मंडळींनाहि तें ओळखतां आलें नाहीं. आणि भिंतीला टेकलेल्या वाद्याचा आवाज कसा असतो, हें चिरंजीव दिवाळीपासून ऐकतच आहेत.

पट्टा हा विषय लोक क्षुल्लक समजतात. वाद्यावर पन्नास हजार रुपये खर्च करणारा मनुष्य पट्टा मात्र दोन बोटें रुंदीचा घेतो! तीन-चार इंच रुंद, आंतून मऊ पण न ताणणारा पट्टा घ्यावा. दोन्ही खांद्यांवर भार वांटणारे पट्टेहि मिळतात. दिसावयास ते शाळेच्या दप्तरासारखे दिसतात म्हणून तरुण मंडळी नाक मुरडतात, परंतु बेचाळिसाव्या वर्षीं त्याची लाज वाटण्याचें कारण नाहीं. वाद्य गुडघ्यापर्यंत लोंबत ठेवण्याची जी रीत आहे, ती केवळ चित्रांत चांगली दिसते. बसल्यावर वाद्य छातीपोटाशीं जेथें येतें, उभें राहिल्यावरहि तें तेथेंच राहील इतका पट्टा आंखडावा.

आणि अ‍ॅम्प्लिफायर! पाठीचें दुखणें वाद्याच्या माथीं मारतांना हा खरा अपराधी पुष्कळदां सुटून जातो. १९६९ सालीं अमेरिकेंत अँपेग कंपनीनें एस्‌व्हीटी नांवाचा जो प्रचंड अ‍ॅम्प्लिफायर काढला, त्याचें नुसतें डोकें पस्तीस किलोंहून जड, आणि त्याच्या आठ कर्ण्यांची पेटी साठ किलोंच्याहि वर. तो इतिहास झाला म्हणावें, तर अजूनहि पंचवीस-तीस किलोंच्या पेट्या जिन्यावरून चढविणारे वादक मीं डोळ्यांनीं पाहिले आहेत. हल्लीं तेवढ्याच ताकदीचा नव्या पद्धतीचा अ‍ॅम्प्लिफायर दोन-तीन किलोंत मिळतो आणि दप्तरांत मावतो. निओडिमियम चुंबकाचे कर्णेहि जुन्यांहून बरेच हलके असतात. चिरंजीव कार्यक्रमाला जातांना पेटी स्वतः उचलतात काय, हें मातोश्रींनीं अवश्य विचारावें. उचलत असतील तर प्रथम ती बदलावी. वाद्याचें मागाहून पाहतां येईल. वाद्य नेण्याची पिशवीहि दोन्ही खांद्यांवर घेतां येईल अशी असावी. कठीण पेटी हातांत धरून लोकलचा जिना चढणें म्हणजे तीन तासांच्या वादनापूर्वींच पाठीला शिणवून ठेवणें होय.

दुखण्याविषयीं मीं अधिक बोलूं नये. तो डॉक्टरांचा अधिकार. एवढेंच सांगतों कीं, पायाला मुंग्या येणें, बधिरपणा अथवा शक्ति कमी होणें, लघवी-शौचावरचा ताबा जाणें, रात्रीं निजल्यावरहि न थांबणारी वेदना, यांपैकीं कांहीं दिसलें तर वाद्याचा विचार बाजूस ठेवून तात्काळ डॉक्टर गांठावा. तसें नसेल तर पाठीला आठ-आठ दिवस अंथरुणावर ठेवण्याची जुनी रीत आतांचे वैद्य मान्य करीत नाहींत. हिंडतें-फिरतें राहणें व नेमलेला व्यायाम करणें हेंच ते सांगतात. बँकेंत दिवसभर वांकून बसलेली पाठ संध्याकाळीं वाद्याच्या वेळीं बोलूं लागते, आणि दोष वाद्याला मिळतो, हेंहि संभवतें. अर्ध्या तासानें वाद्य खालीं ठेवून दोन मिनिटें चालावें. तीन तासांच्या कार्यक्रमांत निम्मा वेळ उंच स्टुलावर बसून वाजविलें तर श्रोते उठून जात नाहींत.

खरेदीचा क्रम मी असा सुचवीन. आधीं पट्टा आणि तोलाची परीक्षा, मग पेटी, आणि तरीहि महिनाभरांत आराम न पडला तर नवें वाद्य. तें दुकानांत पांच मिनिटें बसून वाजवून घेऊं नये. पट्टा लावून निदान अर्धा तास उभें राहावें, आणि दुकानदार कंटाळला तर दुसऱ्या दुकानांत जावें. मुंबईंत धोबीतलावाच्या बाजूस वाद्यांचीं जुनीं दुकानें आहेत. नाशिकहून एक दिवस काढून जाणें फुकट जाणार नाहीं. बरोबर सूनबाईंना न्यावें. वादक स्वतः आवाज ऐकण्यांत गुंततो. त्याचा खांदा वर चढला कीं नाहीं, हें पाहणाराला अधिक चांगलें दिसतें.

जुनें वाद्य विकण्याची मात्र घाई करूं नये. पाठीला त्रास मुख्यतः उभें राहून वाजविण्यांत आहे. बसल्यावर तोच भार मांडीवर येतो, आणि डाव्या पायाखालीं वीतभर उंचीचा पाट घेतला म्हणजे दांडीहि आपोआप वर राहते. तेव्हां पट्टा, कांटा, मुंबईची फेरी हें सारें होईपर्यंत चिरंजीवांनीं वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. पाट घरांत असेलच. हात नसलेली एक खुर्ची तेवढी शोधावी.